साध्या हवेच्या टँकला २१.६ दाखवतोय? घरगुती नायट्रॉक्स अ‍ॅनालायझरचा सेल फेकायच्या आधी हे वाचा

नायट्रॉक्स म्हणजे स्कूबा डायव्हिंगसाठी जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा, आणि टँकमध्ये ऑक्सिजन किती टक्के आहे ते मोजणारा डबा म्हणजे हा अ‍ॅनालायझर. प्रॉब्लेम असा आहे. किनाऱ्यावर उघड्या हवेत कॅलिब्रेट केलं, स्क्रीनवर २०.९ आलं, झकास. मग साध्या हवेने भरलेला टँक लावला तर २१.६. परत उघड्या हवेत धरला, २०.९. परत टँक, २१.६. काल हेच २१.४ होतं. आणि पुण्याला घरी टेबलावर हाच डबा तासन्‌तास २०.९ वर खिळून बसलेला असायचा, म्हणून तर एवढ्या विश्वासाने बॅगेत टाकून आणला होता.

माझं हे दोन सीझन चाललं. त्यात मी एक चांगला सेल "म्हातारा झाला" म्हणून काढून टाकला, एकदा वायर बदलल्या, एकदा अख्खा कोड नव्याने लिहिला, आणि शेवटी कळलं की डबा बरोबर होता, गाढव मी होतो. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण हा डबा बनवणारा प्रत्येक जण फिरून याच खड्ड्यात पडतो.

आधी माझा डबा काय आहे ते थोडक्यात. गॅल्व्हॅनिक ऑक्सिजन सेल (ऑक्सिजन लागला की थोडी वीज देणारा), ती वीज मोजून आकड्यात आणणारं एडीएस १११५ चं छोटं बोर्ड, कोड चालवायला आर्डुइनो नॅनो, बोटाएवढा ओलेड डिस्प्ले, आणि सेल बसवायला हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसीचा टी. सेल सोडून सगळं पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीतलं. डबा म्हणजे आईच्या मसाल्याच्या डब्यांपैकी एक, तीनदा धुतला तरी हिंगाचा वास जात नाही. बनवायचं कसं हे इथे सांगत नाही, तुमचा बनलाय आणि नखरे करतोय असं धरून चालतो.

आता मुद्दा. सेलला टक्के कळत नाहीत. आत शिसं असतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं, टेफ्लॉनच्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, शिशाचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून करंट निघतो, तो सेलमधल्याच रेझिस्टरमधून गेला की आपल्याला काही मिलिव्होल्ट मिळतात, हवेत साधारण ८ ते १३. हे मिलिव्होल्ट ठरतात ऑक्सिजनच्या दाबावर, म्हणजे पार्शियल प्रेशरवर (एकूण दाबातला एकट्या ऑक्सिजनचा वाटा). टक्केवारी ही आपण कोडमध्ये भागाकार करून काढलेली गोष्ट आहे, आणि कॅलिब्रेट करणं म्हणजे सेलला फक्त एवढं सांगणं की "बाबा रे, आत्ता जे मिलिव्होल्ट येतायत त्याला २०.९ म्हण". तुम्ही ज्या हवेत उभं राहून हे सांगितलं त्या हवेत २०.९ नसतील तर तिथून पुढचे सगळे आकडे तेवढ्याच प्रमाणात खोटे. सेल बिचारा प्रामाणिक आहे.

माझा पहिला फटका यातला अगदी बाळबोध होता. कोडमध्ये मी हुशारी करून कॅलिब्रेशन ईईप्रॉममध्ये (बंद केलं तरी न पुसणारी मेमरी) सेव्ह केलं होतं, चालू केला की जुनाच आकडा उचलायचा, दर वेळी बटण दाबायची कटकट नको म्हणून. जानेवारीत पुण्याला कॅलिब्रेट केला आणि मालवणला जाऊन चालू केला तर उघड्या हवेत २१.७ आणि टँकवर २२.४. बोटीवरचा दादा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हवा ती हवाच मा रे, ह्ये बावीस खयसून काढलंस?" बरोबरच होतं त्याचं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, आणि मालवणच्या किनाऱ्यावर १०१० च्या आसपास. टक्के तेच, पण दाब सहा टक्क्यांहून थोडा जास्त, म्हणून मिलिव्होल्टही तेवढेच जास्त. ईईप्रॉमची ती ओळ त्याच रात्री उडवली. आता चालू केला की डबा आधी कॅलिब्रेशन मागतो, ते होईपर्यंत टक्के दाखवतच नाही, नुसते मिलिव्होल्ट दाखवतो. तुमच्या कोडमध्ये सेव्ह केलेलं कॅलिब्रेशन असेल तर आधी ते काढा, मग पुढचं वाचा.

हे काढल्यावर मला वाटलं गंगेत घोडं न्हालं. कुठलं काय. दाबाचा हिशोब मिटला पण टँक आणि उघडी हवा यांच्यातला तो ०.७ चा फरक तसाच राहिला, आणि तो रोज बदलायचा. वरचे दोन आकडे परत बघा, २१.७ आणि २२.४, तिथेही ०.७ चाच फरक आहे, फक्त तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

तो फरक म्हणजे दमट हवा. २०.९ टक्के ऑक्सिजन असतो तो कोरड्या हवेत. कोकणातल्या हवेत पाण्याची वाफ जागा अडवून बसलेली असते आणि ती नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघांनाही ढकलून बसते. हिशोब करून बघा. ३० डिग्रीला हवा पूर्ण दमट असेल तर वाफेचा दाब सुमारे ४२ हेक्टोपास्कल असतो. आर्द्रता ७५ टक्के म्हणजे त्यातले ३२. एकूण दाब १०१० धरला तर ३ टक्क्यांहून जास्त हवा ही हवाच नाही, वाफ आहे. उरलेल्या ९७ टक्क्यांचे २०.९ काढले की येतात २०.३ च्या आसपास. म्हणजे मी २०.३ टक्क्यांच्या हवेत उभा राहून सेलला "हे २०.९ आहे" असं शिकवत होतो. टँकमधली हवा मात्र कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधून खडखडीत कोरडी होऊन आलेली, तिच्यात खरोखर २०.९, म्हणून डबा म्हणायचा २१.६ च्या आसपास. ३२ चं नायट्रॉक्स लावलं तर ३३ दाखवणार. आणि तुम्ही टँक भरणाऱ्याशी भांडत बसणार, की मिक्स चुकलं तुमचं.

पुण्याला जानेवारीच्या दुपारी हेच गणित केलं तर वाफ जेमतेम १ टक्का निघते, चूक ०.२ च्या आसपास, आणि घरी टँक नसल्यामुळे तुलना करायला काही नव्हतंच. म्हणून घरी सगळं चकाचक आणि किनाऱ्यावर बोंब. ऑक्टोबर हीटमध्ये तर विचारूच नका, ३५ डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर उघड्या हवेत खरा ऑक्सिजन २० वर येतो.

उपाय दोन आहेत. पहिला, आणि मला विचाराल तर हाच खरा, उघड्या हवेत कॅलिब्रेट करूच नका, साध्या हवेच्या टँकवर करा. त्याच नळीने, त्याच फ्लोने, आणि मग तीच नळी नायट्रॉक्सच्या टँकला. दमटपणा, दाब, फ्लो सगळं दोन्ही वेळेला सारखं राहतं आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात. फक्त तो टँक खरोखर साध्या हवेचा पाहिजे. काल ज्यात नायट्रॉक्स होतं आणि आज वरून हवा मारली तो चालणार नाही, त्यात २३-२४ टक्के सुद्धा असू शकतात, आणि त्याला २०.९ म्हणून शिकवलंत तर पुढचा प्रत्येक आकडा कमी दिसेल, आणि कमी दिसणं हे जास्त दिसण्यापेक्षा कितीतरी वाईट, त्यावर खाली येतो.

दुसरा उपाय, टँक हाताशी नसेल तर. डब्यात बीएमई २८० सेन्सर टाका, तो तापमान, आर्द्रता आणि दाब तिन्ही देतो. कोडमध्ये २०.९ च्या जागी असं लिहायचं की एकूण दाबातून वाफेचा दाब वजा करा, त्याला एकूण दाबाने भागा, आणि त्याला २०.९ ने गुणा. पूर्ण दमट हवेतल्या वाफेचा दाब २५ डिग्रीला ३१.७, २८ ला ३७.८, ३० ला ४२.४, ३२ ला ४७.६ आणि ३५ ला ५६.२ हेक्टोपास्कल, त्याला आर्द्रतेने गुणलं की झालं, सूत्र नको असेल तर एवढं टेबल पुरतं. एक गंमत सांगतो यात. डबा उन्हात गरम होतो म्हणून मी डब्यातलं तापमान "चुकीचं" समजून फोनच्या हवामान अ‍ॅपमधलं तापमान घेतलं आणि आर्द्रता मात्र डब्यातली ठेवली. सगळा विचका. डब्यात हवा तापली की तिथली आर्द्रतेची टक्केवारी आपोआप उतरते, पण वाफ तेवढीच असते, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे असतील तर उत्तर बरोबर येतं. ती जोडी फोडायची नाही, आणि डब्याला चार भोकं पाडून ठेवायची म्हणजे आत बाहेरचीच हवा राहील.

एवढं करूनही अंदमानातल्या हॅवलॉकला एका सकाळी वेगळंच भूत निघालं. खोलीत रात्रभर एसी २२ वर, सकाळी डबा उचलला, बाहेर आलो, लगेच कॅलिब्रेट केलं, आणि अर्ध्या तासाने बघतो तर आकडा आपोआप चढत चाललाय. २१.३, २१.५. चष्मा लावून एसी गाडीतून उतरलं की काचेवर वाफ धरते ना, तेच सेलच्या पडद्यावर झालेलं. ३० डिग्री ७५ टक्क्यांच्या हवेत २५ डिग्रीच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. पडद्यावर पाण्याचा थर म्हणजे ऑक्सिजन आत कमी जाणार, मिलिव्होल्ट कमी, आणि त्या कमी मिलिव्होल्टला आपण २०.९ म्हणून टाकलेलं. थर सुकला की आकडा वर. आता मी डबा झिपच्या पिशवीत बंद करून बाहेर आणतो आणि पिशवीतच अर्धा तास गरम होऊ देतो, मग उघडतो. पडदा फडक्याने पुसायच्या भानगडीत पडू नका, एकदा ओरखडा गेला की सेल गेला.

तापमानावरून अजून एक. सेलमध्ये तापमानाची भरपाई करायला थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) असतो, पण तो पडद्यापासून लांब मागे बसलेला असतो आणि त्याला बातमी उशिरा पोचते. बोटीवर उन्हात ठेवलेला डबा एकदम सावलीत आणला, की पाच-दहा मिनिटं आकडा इकडेतिकडे भटकणारच. बसू द्या त्याला.

आता फ्लो. टँकचा व्हॉल्व्ह फुस्सकन उघडून सेल समोर धरणारे लोक मी पाहिलेत, आणि मग आकडा २३ आला म्हणून घाबरणारेही. सेल दाब मोजतो हे परत आठवा. बाहेर जायची वाट अरुंद असेल आणि गॅस जोरात येत असेल तर टीमध्ये दाब साचतो, दाब १ टक्का वाढला की ३२ चे ३२.३ होतात. उलट फ्लो फारच मंद असेल तर बाहेरची हवा मागच्या तोंडातून आत शिरते आणि ३२ चे ३० दिसतात. हे दुसरं जास्त घातक. मिनिटाला १ ते २ लिटर फ्लो पाहिजे. फ्लोमीटर नसेल तर घरगुती युक्ती: एक लिटरची बाटली पाण्याने भरून बादलीत उलटी धरायची, अ‍ॅनालायझरच्या बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक तिच्या तोंडात घालायचं आणि बाटली रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ३० ते ६० सेकंद लागले की बरोबर. हे करताना स्क्रीनवरचा आकडा बघू नका, नळी दहा सेंटिमीटर पाण्यात असली तरी तेवढ्यानेच १ टक्का दाब वाढतो.

मी बीसीडीच्या (डायव्हरचं हवेने फुगणारं जॅकेट) इन्फ्लेटर होजला, म्हणजे ते फुगवायच्या नळीला, बारीक भोकाचा जेट लावलाय, म्हणजे रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजमधून (टँकचा मोठा दाब खाली आणणारा भाग) येणारा दाब टँक भरलेला असो की अर्धा, जवळपास तोच राहतो आणि फ्लो हाताने सांभाळावा लागत नाही. टीच्या बाहेरच्या तोंडाला वीतभर मोठी नळी लावा, जाड भोकाची, म्हणजे दाबही साचत नाही आणि हवाही मागे शिरत नाही. तपासायचं असं, की फ्लो थोडा कमीजास्त करून बघायचा. वाढवल्यावर आकडा चढतोय तर वाट अरुंद आहे, कमी केल्यावर पडतोय तर बाहेरची हवा येतेय, आणि दोन्हीकडे हलत नाही तर तुमची नळीची जोडणी माझ्यापेक्षा चांगली.

इलेक्ट्रॉनिक्सचं लवकर उरकतो, कारण लोक संशय नेहमी इथेच घेतात आणि दोष बहुतेक वेळा इथे नसतो. दोन अपवाद सोडून. एक, सेल सरळ आर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनला लावू नका. १० बिट आणि ५ व्होल्ट म्हणजे एक पायरी जवळजवळ ५ मिलिव्होल्टची, आणि आपला १ टक्का ऑक्सिजन म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट, म्हणजे एका पायरीत १० टक्के गायब. शिवाय ती पिन बॅटरीच्या व्होल्टेजशी तुलना करून मोजते, बॅटरी उतरली की आकडा सरकला. दोन, मधे एलएम ३५८ चा अ‍ॅम्प्लिफायर लावलेले जुने सर्किट फिरत असतात, त्या चिपचा स्वतःचाच ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही दिसणारा खोटा आकडा, दोन-तीन मिलिव्होल्ट असतो आणि तो तापमानाने हलतो. १० मिलिव्होल्टचा सिग्नल आणि त्यात ३ ची भेसळ, कसं जमणार. एडीएस १११५ ला गेन १६ वर ठेवलं की एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची होते, त्याचा रेफरन्स (तुलनेचं व्होल्टेज) आतच असतो, अ‍ॅम्प्लिफायर लागतच नाही. सेलच्या दोन्ही वायर डिफरन्शियल जोडा (दोघींमधला फरक मोजला जाईल अशा), वीस रीडिंगची सरासरी घ्या. सेल काढून इनपुटच्या दोन्ही वायर एकमेकींना टेकवा, शून्य यायला पाहिजे, जे काय येईल ते कोडमध्ये वजा करा. आकडा थरथरत असेल तर आधी कनेक्टर बघा, खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात, मी तर दर ट्रिपनंतर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ठेवतो.

आता खरंच सेल म्हातारा झाला असेल तर? त्याची लक्षणं वेगळी असतात, आणि हे नीट वाचा. म्हातारा सेल हवेत अगदी शहाण्यासारखा २०.९ दाखवतो, पण शिसं संपत आलं की त्याला एका मर्यादेपलीकडे करंट देता येत नाही, त्यामुळे जास्त ऑक्सिजनवर तो खाली बसतो. ४० टक्क्यांच्या मिक्सला ३६ म्हणतो. ३६ साठी १.४ बारच्या हिशोबाने (श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब याच्या वर जाऊ द्यायचा नाही) तुम्ही २८-२९ मीटरपर्यंत जाणार, आणि तिथे खऱ्या ४० टक्क्यांनी ऑक्सिजनचा दाब १.५६ होतो. ४० ची हद्द २५ मीटरलाच संपते. ऑक्सिजनचा दाब फार वाढला की फिट येऊ शकते, आणि पाण्याखाली असा झटका आला की तोंडातला रेग्युलेटर सुटतो, त्यामुळे हा जमिनीवरच्या फिटसारखा प्रकार नाही. कमी दाखवणारा अ‍ॅनालायझर वाईट म्हणालो तो यासाठी. जास्त दाखवणारा खोलीच्या बाबतीत तुम्हाला वरच ठेवतो, पण अंगात मुरणारा नायट्रोजन खऱ्यापेक्षा कमी धरायला लावतो, म्हणजे त्यालाही निर्दोष म्हणता येत नाही.

म्हणून एका बिंदूवर भागत नाही, दुसरा पाहिजे. डाइव्ह शॉपकडे इमर्जन्सी ऑक्सिजनचं किट असतं, ओळख असेल तर त्यावरून मंद फ्लोने शुद्ध ऑक्सिजन सेलवर सोडून मिलिव्होल्ट वाचा. कोरड्या हवेत १० असतील तर तिथे ४७.८ यायला हवेत, हवेच्या आकड्याला ०.२०९ ने भागा एवढंच. माझ्या सेलचे ४६ च्या खाली आले की मी त्याला निरोप देतो. ऑक्सिजनच्या फिटिंगला ग्रीस, तेल, उन्हापासून वाचायचं क्रीम लावलेले हात काहीही लागता कामा नये, आणि शॉपवाला नको म्हणाला तर नको. सेलवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा, गरम जागी तो लवकर संपतो, पण फ्रीझरमध्ये ठेवू नका, आतलं द्रावण गोठलं तर पडदा फाटतो.

आणि हो, एवढा सगळा खटाटोप करूनही मी टँक शॉपच्या अ‍ॅनालायझरवरही मोजतो, दोन्ही आकडे टेपवर लिहितो. दोघांत १ टक्क्याहून जास्त फरक असेल तर दोन्ही साध्या हवेच्या टँकवर परत कॅलिब्रेट करून मोजतो, तरी जुळलं नाही तर तो टँक त्या दिवशी मी घेत नाही, साध्या हवेवर जातो. मित्र हसतात, हसू दे.

सेल गळायला लागला, कडेला पांढरी पावडर किंवा बुळबुळीत पाणी दिसलं, तर उघड्या हाताने धरू नका, ते द्रावण कातडी आणि डोळे जाळतं, लागलंच तर भरपूर पाण्याखाली धरा. आणि आत शिसं आहे, तेव्हा कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचऱ्यात. माझे दोन जुने अजून ड्रॉवरमध्ये पडलेत, त्यातला एक तर चांगलाच होता.